अरुंद रुळांवरची दोन वाङ्मये

१

खाणींतील अरुंदमापी रेल्वे आणि तिच्यावर चालणारे वाफेचे इंजिन हा विषय सामान्यतः यंत्रशास्त्राच्या व आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. वाङ्मयाच्या किंवा भाषेच्या अभ्यासकाला त्याच्याशी काय कर्तव्य, अशी शंका कोणालाही यावी. परंतु वेल्सच्या वायव्य भागात पाटीच्या दगडाच्या ज्या खाणी होत्या, त्यांच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. तेथे एकाच प्रकारच्या अरुंद रुळांभोवती दोन भाषांत दोन वाङ्मये उभी राहिली. इंग्रजी वाङ्मयाने इंजिनाला नायक केले, वेल्श वाङ्मयाने खाणकामगाराला. इंजिनाने जन्मभर वाहिला तो या कामगाराने फोडलेला दगडच. तथापि पहिल्या वाङ्मयात कामगार जवळजवळ दिसत नाही आणि दुसऱ्यात इंजिनाला पात्राचे स्थान नाही.

या दोन वाङ्मयांची परीक्षा आजवर बहुधा स्वतंत्रपणे झाली आहे. पहिल्याची समीक्षा रेल्वेप्रेमींनी व बालवाङ्मयाच्या अभ्यासकांनी केली, दुसऱ्याची वेल्श साहित्याच्या अभ्यासकांनी. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय त्यांपैकी एकाचेही पुरते मूल्यमापन होत नाही, असे येथे प्रतिपादावयाचे आहे. त्यासाठी एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘रेल्वे ॲडव्हेंचर’ (१९५३), रेव्हरंड डब्ल्यू. ऑड्री यांची टालिलिन रेल्वेवर आधारलेली बालकथांची पुस्तके, केट रॉबर्ट्‌स यांची ‘ट्राइड मेउन कफ्यॉन’ (१९३६) आणि टी. रोलंड ह्यूज यांची ‘ख्वाल्वा’ (१९४६) ही कादंबरी विचारासाठी घेतली आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती पाहणे अवश्य आहे. पाटीचा दगड, म्हणजे ज्याची शाळकरी पाटी होते आणि ज्याच्या पातळ पाट्यांनी एकोणिसाव्या शतकात युरोपातील असंख्य घरे शाकारली गेली तो दगड, डोंगरात सापडतो व बंदरातून परदेशी जातो. डोंगरापासून बंदरापर्यंत तो न्यावयाचा तर तीव्र वळणांचा आणि थोड्या खर्चाचा मार्ग हवा. रुळांतील अंतर कमी ठेवले की वळण अधिक तीव्र घेता येते, बांधाची रुंदी कमी लागते, खोदकाम वाचते. फेस्टिनिऑग रेल्वे ही १८३६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे माप १ फूट ११½ इंच, म्हणजे आपल्या नेरळ–माथेरान मार्गाच्या मापाच्या अगदी जवळचे होते. प्रारंभी तिच्यावर इंजिन नव्हते. भरलेले डबे उतारावरून स्वतःच्या भाराने खाली येत आणि रिकामे डबे घोडे वर ओढून नेत. १८६३ मध्ये चार्ल्स ईस्टन स्पूनर यांच्या देखरेखीखाली तेथे वाफेची इंजिने आली. इतक्या अरुंद मार्गावर इंजिन चालेल की नाही याविषयी तोवर जाणत्या अभियंत्यांनाही शंका होती. इंजिने आल्यानंतरही भरलेला माल उतारानेच खाली येत राहिला. इंजिनाचे मुख्य काम रिकामे डबे चढावर नेण्याचे.

खुद्द खाणीच्या आत चित्र निराळे होते. डोंगराला पायऱ्यांसारखे टप्पे पाडलेले असत आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र रूळ असत. टप्प्यांमधील चढउतारावर दोरखंडाने डबे ओढले जात. इंजिन एखाद्या टप्प्यावर एकदा चढविले की तेथेच काम करी. लीड्‌स येथील हन्स्लेट कंपनीने अशा कामासाठी बांधलेल्या पुष्कळ इंजिनांना छप्परसुद्धा नव्हते. चालक उघड्यावर, पावसात उभा राहून काम करी.

ज्या टालिलिन रेल्वेने इंग्रजी वाङ्मयाला विषय पुरविला, ती १८६५ ची. मँचेस्टरच्या मॅकॉनेल या कापूस-व्यापारी घराण्याने, अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाची आवक तुटल्यावर, आपले भांडवल ब्रिन एग्ल्विस येथील खाणीत गुंतविले आणि तिच्यासाठी २ फूट ३ इंच मापाचा हा मार्ग बांधविला. व्हाइटहेवन येथील फ्लेचर, जेनिंग्ज या कारखान्याची ‘टालिलिन’ (१८६४) व ‘डोल्गोख’ (१८६६) ही दोनच इंजिने पाऊण शतकाहून अधिक काळ तिचा सर्व भार वाहत राहिली. १९११ मध्ये सर हेन्री हेडन जोन्स यांनी खाण व रेल्वे विकत घेतली. १९४६ च्या डिसेंबरात खाणीचा भाग ढासळला आणि खाण बंद पडली. जोन्स १९५० च्या जुलैत वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्मिंगहॅम येथे भरलेल्या सभेत रेल्वे वाचविण्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी चालविलेली पहिली गाडी धावली.

या तारखांत एक गोष्ट उघड दिसते. इंजिन वाङ्मयाचा विषय झाले ते त्याचे काम संपल्यावर. खाण चालू होती त्या ऐंशी वर्षांत त्याच्यावर कोणी कथा रचली नाही. वाहून नेण्याजोगा दगड उरला नाही तेव्हा त्याला अर्थ प्राप्त झाला.

३

इंजिनाच्या या अर्थप्राप्तीत व्याकरणाचा वाटा किती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तूंसाठी नपुंसकलिंगी सर्वनाम आहे. तरीही जहाज आणि इंजिन यांना स्त्रीलिंगी सर्वनाम लावण्याचा प्रघात खलाशी आणि रेल्वे-कामगार यांच्या बोलीत रुळलेला आहे. व्याकरणाने तो लादलेला नसल्यामुळे प्रत्येक वापरात बोलणाऱ्याची ममता व्यक्त होते. ऑड्री यांनी हा प्रघात बाजूस सारून आपल्या बहुतेक इंजिनांना पुल्लिंगी सर्वनाम दिले. त्याबरोबर ती ममतेची वस्तू न राहता स्वतःची इच्छा, गर्व आणि पश्चात्ताप असलेली पात्रे झाली. सर्वनाम बदलताच वाङ्मयप्रकार बदलला.

खाणकामगारांच्या वेल्श भाषेत स्थिती निराळी आहे. तेथे इंग्रजीतून आलेला ‘इंजन’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. हे लिंग ऐच्छिक नाही. त्यामुळे पुढील शब्दाचा आद्य वर्ण बदलतो: ‘तान’ म्हणजे आग, परंतु आगीच्या बंबाला ‘इंजन दान’ म्हणावे लागते. जे लिंग व्याकरणाने सक्तीचे केले आहे, त्यातून वक्त्याची भावना कळत नाही. वेल्श बोलणारा कामगार इंजिनाला स्त्रीलिंगी म्हणे तेव्हा तो काही सांगत नव्हता. इंग्रज प्रवासी म्हणे तेव्हा पुष्कळ सांगत होता.

मराठीशी तुलना येथे उद्‌बोधक ठरेल. मराठीत ‘गाडी’ स्त्रीलिंगी व ‘इंजिन’ नपुंसकलिंगी. नपुंसकलिंग म्हणजे निर्जीवत्व, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु मराठीत मूल, पिल्लू, वासरू, कोकरू हे शब्दही नपुंसकलिंगीच आहेत. ‘ते धापा टाकत वर चढले’ हे वाक्य मराठीत लहानशा इंजिनाविषयी जसे शोभते तसे कोकराविषयीही शोभते. ऑड्री यांच्या कथा मराठीत आणणाऱ्याला इंजिन पुल्लिंगी करण्याची गरज पडणार नाही. मूळ इंग्रजीत जे सर्वनामाच्या बळावर साधावे लागले, ते मराठीत लिंगव्यवस्थेच्या पोटातच आहे.

सर्वनामाहूनही नाव अधिक बोलके असते. ‘डोल्गोख’ हे नाव मार्गावरील एका स्थळाचे. ‘डोल’ म्हणजे कुरण, ‘कोख’ म्हणजे तांबडे. ‘डोल’ स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘कोख’चे ‘गोख’ झाले. इंजिनाच्या बाजूवरील पितळी पट्टीत वेल्श व्याकरणाचा एक नियम अशा रीतीने कोरला गेला आहे. मोठ्या खाणींत मात्र स्थलनामांबरोबर निराळ्या प्रकारची नावेही आढळतात. पेनरिन खाणीच्या ‘चार्ल्स’ (१८८२), ‘ब्लांश’ व ‘लिंडा’ (१८९३) या इंजिनांना मालक लॉर्ड पेनरिन यांच्या कुटुंबातील नावे मिळाली. डिनॉर्विक खाणीतील ‘क्लॉइस्टर’, ‘जेरी एम्’ आणि ‘कव्हर्टकोट’ ही नावे तर मालकाच्या घोड्यांची, ग्रँड नॅशनल शर्यत अनुक्रमे १८९३, १९१२ व १९१३ मध्ये जिंकणाऱ्या घोड्यांची. त्यांच्या मागे लागलेल्या डब्यांतील पाट्यांना आकारानुसार ‘डचेस’, ‘काउंटेस’, ‘लेडी’ अशी सरदारकन्यांची नावे होती. खाणीतील दगडाला मानाची पदवी होती, यंत्राला मालकाच्या मुलाबाळांचे वा घोड्याचे नाव होते. ज्याच्या हातांनी दगड चिरला जाई त्याचे नाव या नामावलीत कोठेच नव्हते.

४

रोल्ट यांचे ‘रेल्वे ॲडव्हेंचर’ हे या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. रोल्ट (१९१०–१९७४) हे टालिलिन मंडळाच्या संस्थापकांपैकी एक आणि पहिल्या दोन हंगामांतील व्यवस्थापक. त्यांनी उमेदवारी केली ती स्टोक येथील केर स्टुअर्ट या इंजिनांच्या कारखान्यात. कॉरिस या शेजारच्या बंद पडलेल्या खाण-रेल्वेची दोन इंजिने १९५१ मध्ये टालिलिनला मिळाली. त्यांतील एक त्याच कारखान्यात १९२१ मध्ये तयार झालेले होते. रोल्ट यांच्या पुस्तकाचे बळ या हस्तज्ञानात आहे. कुजलेले स्लीपर, झिजलेले रूळ, गवताच्या आधाराने जागेवर राहिलेला मार्ग यांचे वर्णन ते हळवेपणाने करीत नाहीत. काय मोडले आहे आणि ते कशाने दुरुस्त होईल, हे पाहणाऱ्या कारागिराची ती दृष्टी आहे. ज्या यंत्राचे चलनवलन उघड्या डोळ्यांनी समजते, त्याच्याशी माणसाचा संबंध मालकीपेक्षा सोबतीचा होतो, हे त्यांच्या लेखनाचे गृहीतक आहे. आणि ते विचारार्ह आहे.

परंतु या पुस्तकात खाण पूर्वपीठिका म्हणून येते. रेल्वे हीच कथा आणि खाण तिचे निमित्त, असा क्रम लागतो. वास्तवात क्रम उलट होता. मंडळाची स्थापना बर्मिंगहॅम या इंग्रज शहरात झाली, पुस्तकाचा वाचक इंग्रज, आणि ज्या साहसाची ही कथा आहे तेही बाहेरून आलेल्या माणसांचे. अबरगनोल्विन गाव या खाणीसाठी वसविले गेले होते. खाण बंद पडल्यावर तेथील घरांचे काय झाले, हा प्रश्न ‘साहस’ या शब्दाच्या कक्षेत बसत नाही. रोल्ट यांनी तो विचारावयास हवा होता, असा आग्रह धरणे अन्यायाचे होईल. तथापि वाचकाने तो विचारणे भाग आहे.

एका गोष्टीचे श्रेय मात्र मंडळाला दिले पाहिजे. कॉरिसहून आलेल्या इंजिनांपैकी एकाला ‘सर हेडन’ हे मालकाचे नाव देण्यात आले, आणि दुसऱ्याला ‘एडवर्ड टॉमस’ हे रेल्वेच्या जुन्या व्यवस्थापकाचे. इंजिनाच्या अंगावर नोकरी करणाऱ्या माणसाचे नाव आले, ही जुन्या रिवाजाला दिलेली लहानशी दुरुस्ती होय.

५

ऑड्री (१९११–१९९७) यांच्या ‘फोर लिटल एंजिन्स’ (१९५५) या पुस्तकापासून टालिलिनची इंजिने काल्पनिक सोडोर बेटावर वावरू लागली. ‘टालिलिन’चे ‘स्कारलोई’ झाले, ‘डोल्गोख’चे ‘रेनियस’, ‘सर हेडन’चे ‘सर हँडेल’ आणि ‘एडवर्ड टॉमस’चे ‘पीटर सॅम’. ऑड्री यांनी स्वतः टालिलिनवर स्वयंसेवक म्हणून काम केले होते आणि त्यांच्या कथांना प्रत्यक्ष घटनांचा आधार असतो. त्यांना निव्वळ बाललीला समजणारा टीकाकार फसतो. ऑड्री काय करतात हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

कॉरिसहून आलेले ‘सर हेडन’ टालिलिनवर वारंवार रुळांवरून घसरे. तपासाअंती असे आढळले की, टालिलिनचे रूळ जुन्या कंपनीने नियत मापाहून सुमारे अर्धा इंच रुंद टाकले होते, कारण जुन्या इंजिनाच्या चाकांच्या जोड्यांत अंतर अधिक होते आणि त्याला वळणांवर तेवढी सवलत हवी होती. नव्या इंजिनाची चाके या रुंदीला पुरत नव्हती. ‘गॅलंट ओल्ड एंजिन’ (१९६२) मधील एका कथेत हाच प्रसंग आहे. सर हँडेलला रुंद चाके बसवितात. तो त्यांचा तोरा मिरवितो आणि रस्त्यावरच्या रोलरशी त्याचा खटका उडतो. अर्ध्या इंचाच्या फरकाचे गर्वात रूपांतर झाले.

या रूपांतराला कारणाचे स्वभावीकरण म्हणता येईल. ज्या घटनेचे कारण मार्गात, पैशात, मालकाच्या धोरणात किंवा हवामानात आहे, तिचे कारण पात्राच्या स्वभावात नेऊन ठेवावयाचे, ही ऑड्री यांची मुख्य रीती. बालकथा म्हणून ती अत्यंत प्रभावी आहे. त्याच पुस्तकाच्या शीर्षककथेत रेनियसची एक बाजू निकामी झाल्यावरही तो उतारूंना घरी पोहोचवितो, तेव्हा वाचकाच्या मनात उमटणारा आदर खरा असतो. परंतु या रीतीला एक किंमत द्यावी लागते. जगातील प्रत्येक अडचण स्वभावातून उद्‌भवत असेल, तर प्रत्येक उपाय शिस्तीतच असणार. ‘ट्रबलसम एंजिन्स’ (१९५०) मध्ये मोठी इंजिने हलकी कामे करण्यास नकार देऊन संप करतात. व्यवस्थापक नवे इंजिन आणतो आणि संपवाल्यांना, त्यांना पश्चात्ताप होईतो, शेडमध्ये कोंडून ठेवतो. संप हा तेथे रुसवा आहे.

भाषेच्या अंगाने आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. सोडोर बेटाला ऑड्री व त्यांचे बंधू यांनी इतिहास, भूगोल आणि ‘सुड्रिक’ नावाची मँक्सच्या वळणाची एक भाषाही रचून दिली. जेथे खरी केल्टिक भाषा जिवंत होती तेथील रेल्वे, जिची भाषा कल्पित आहे अशा बेटावर नेण्यात आली. ‘गोख’मधील वर्णविकार ज्या भाषेचा होता ती भाषा या स्थलांतरात मागे राहिली, आणि ‘एडवर्ड टॉमस’ हे नोकरदाराचे नाव जाऊन तेथे कथेतल्या व्यवस्थापकाचे नाव आले.

६

आता दुसऱ्या वाङ्मयाकडे वळावे. केट रॉबर्ट्‌स (१८९१–१९८५) आणि टी. रोलंड ह्यूज (१९०३–१९४९) हे दोघेही खाणकामगारांच्या घरात जन्मले. ‘ट्राइड मेउन कफ्यॉन’ म्हणजे ‘बेड्यांतील पावले’. १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत एका खाणकामगार कुटुंबाची ही कथा आहे. तिच्यात हिशेबाला मोठे स्थान आहे. कामगारांची टोळी खडकाचा एक भाग ठरावीक मोबदल्यावर घेई. या कराराला ‘बार्गेन’ म्हणत. खडक चांगला निघाला तर घर चाले, वाईट निघाला तर कर्ज होई. येथे दारिद्र्याचे कारण कोणाच्या स्वभावात नाही. ते खडकात, कारभाऱ्याने ठरविलेल्या दरात आणि दूरच्या बाजारात आहे. रॉबर्ट्‌स यांची संयमित, उपमाविरहित शैली याच जाणिवेतून आली आहे. कारणे जागच्या जागी ठेवावयाची असतील, तर भाषेला अलंकार परवडत नाहीत.

कादंबरीतील सर्वांत तीव्र प्रसंग भाषेचाच आहे. सैन्यात गेलेल्या मुलाविषयी सरकारी कागद येतो तो इंग्रजीत. आईला त्यात मुलाचे नाव ओळखता येते, बाकीचे वाचता येत नाही. तो घेऊन ती दुकानदाराकडे धावते आणि मुलगा मारला गेल्याचे तिला त्याच्या तोंडून कळते. इंग्रजीने इंजिनाला सर्वनाम देऊन जिवंत केले. येथे त्याच भाषेने एका माणसाचा मृत्यू त्याच्या आईला न कळेल अशा शब्दांत कळविला. या दोन्ही गोष्टी एकाच प्रदेशाच्या वाङ्मयात घडतात, आणि त्या शेजारी ठेवून पाहिल्यावाचून दोन्हींचा अर्थ अपुरा राहतो.

‘ख्वाल्वा’ म्हणजे वाताहत. या कादंबरीचा आधार पेनरिन खाणीतील १९०० ते १९०३ चा संघर्ष. २२ नोव्हेंबर १९०० रोजी सुमारे २,८०० कामगार खाण सोडून बाहेर पडले. पुढील तीन वर्षांत काही परत कामावर गेले, काही दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खाणींत गेले. आपल्या घरात फितूर नाही असे सांगणारे वेल्श फलक बेथेस्डा गावात खिडक्यांतून लागले आणि फलक असलेली व नसलेली अशी गावाची दोन गावे झाली. ह्यूज यांनी ही फूट एका कुटुंबाच्या विखरण्यातून दाखविली आहे. शेडमध्ये कोंडलेल्या इंजिनांचा पश्चात्ताप आणि या तीन वर्षांची उपासमार या दोहोंना भाषा ‘संप’ हा एकच शब्द देते. वाङ्मयाने त्यांना दिलेले अर्थ मात्र एकमेकांना छेद देतात.

वेल्श कादंबरीचीही एक मर्यादा नमूद केली पाहिजे. घर, प्रार्थनामंदिर आणि ‘काबान’, म्हणजे जेथे कामगार जेवणाच्या सुट्टीत बसून वादविवाद व काव्यवाचन करीत ती झोपडी, यांचे जग तिने अचूक टिपले. पण यंत्र हाताळणाऱ्याचे कौशल्य तिच्या केंद्रस्थानी आले नाही. उघड्या इंजिनावर पावसात उभा राहणारा चालक हाही त्याच गावचा, त्याच भाषेचा माणूस होता. तो रोल्ट यांच्या कारागिरी-दृष्टीला दिसला असता, आणि रॉबर्ट्‌स यांच्या भाषेत बोलला असता. दोन्ही वाङ्मयांच्या मधल्या जागेत तो हरवला.

७

या विवेचनातून ऑड्री यांच्या कथा वाचू नयेत किंवा रोल्ट यांचे पुस्तक उणे ठरते, असा निष्कर्ष निघत नाही. त्यांच्या लेखनावाचून ‘डोल्गोख’ इंजिन भंगारात गेले असते आणि त्याबरोबर खाणीची एक साक्षही पुसली गेली असती. पेनरिनची ‘लिंडा’ व ‘ब्लांश’ ही इंजिने खाणमार्ग बंद झाल्यावर १९६२–६३ मध्ये फेस्टिनिऑगला आली आणि उतारूंच्या गाड्या ओढू लागली. डिनॉर्विक खाण १९६९ मध्ये बंद पडली. २०२१ मध्ये युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशात स्थान दिले, तेव्हा ब्रिन एग्ल्विसची खाण, अबरगनोल्विन गाव आणि टालिलिन रेल्वे ही तिन्ही एकाच घटकात नोंदली गेली. खाण, घर आणि इंजिन यांची वाङ्मयाने केलेली ताटातूट या नोंदीत तरी भरून निघाली आहे.

समीक्षेचे कर्तव्य याहून थोडे पुढचे आहे. जुन्या यंत्राविषयीचे कोणतेही ममतापूर्ण लेखन समोर आले असता, मग ते टालिलिनविषयी असो की माथेरानच्या गाडीविषयी, तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत: सर्वनाम कोणाला मिळाले, नाव कोणाचे लागले, आणि घटनेचे कारण कोठे ठेवले गेले. यंत्राला माणूसपण देणारी भाषा समर्थ खरी. परंतु ते माणूसपण तिने कोणाच्या वाट्यातून काढून दिले, याचा हिशेब वाचकाने मागितला पाहिजे.